बस चालवणाऱ्या बाईला मत कोण देणार?

मंजिरी,

तुला जाऊन आज बारा दिवस झाले आणि इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अजून जोडलेले हात येतायत. 'समाजाची शान.' 'हसतमुख व्यक्तिमत्त्व.' 'आपली हक्काची माणूस गेली.' प्रत्येक मेसेजखाली एकच प्रश्न लिहावासा वाटतो, की तुम्ही तिला मत दिलं होतं का? लिहीत नाही, कारण तू म्हणाली असतीस, नीलू, फोन खाली ठेव. तू होतीस तोवर तुझं ऐकून मी फोन खाली ठेवला. आता मी तुझ्याशीच भांडणार आहे. आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि तू मध्येच उठून गेलीस, हे मला मान्य नाही.

मंडळाने तुझी माहिती छापून वाटली. जन्म, शिक्षण, क्लेटनच्या युनिव्हर्सिटीची डिग्री, ट्रुगानिनामधलं घर, सगळं आहे. बस कुठेही नाही. 'वाहतूक क्षेत्रात कार्यरत' असं लिहिलंय. तुझी आई नाशिकरोडला शेजारपाजाऱ्यांना हेच सांगायची, मुलगी ट्रान्सपोर्टमध्ये आहे म्हणून. त्यावर तू पोट धरून हसायचीस. आईचं मी समजू शकते, तिने तुला इथे परदेशात पाठवायला जिवाचं रान केलं होतं. या लोकांचं मी का समजून घ्यायचं? हे तर रोज तुझ्या बसमध्ये चढायचे.

क्लेटनला युनीच्या मागे आपण दोघी एका खोलीत राहायचो, आठवतं? खिडकी बंद व्हायची नाही म्हणून तू फटीत टॉवेल कोंबायचीस. मला सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली नोकरी लागली, तुला लागली नाही. अकाउंटिंगमध्ये मास्टर्स, माझ्यापेक्षा चांगले मार्क, आणि उत्तर एकच यायचं, लोकल एक्सपिरियन्स नाही. दीड वर्ष तू वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घातल्यास. मग एक दिवस भाजी चिरता चिरता सांगितलंस की मी बसचं लायसन्स काढतेय. मी म्हणाले, अगं, मास्टर्स केलंयस तू. तू म्हणालीस, "मास्टर्स केलेल्या बाईला बस चालवता येत नाही, असं कुठे लिहिलंय?"

तुझ्या पहिल्या आठवड्यात मी मुद्दाम तुझ्या बसने फिरले. पुढच्या सीटवर बसून तुझ्याकडे बघत होते. पाठीला उशी लावलेली, केस घट्ट बांधलेले, आणि ते एवढं मोठं स्टिअरिंग तू असं फिरवत होतीस की जणू जन्मभर तेच करत आलीस. उतरणारा प्रत्येक जण थँक यू म्हणायचा आणि तू प्रत्येकाला नो वरीज म्हणायचीस, एकालाही न चुकता. एक्सेलसमोर मी तुला इतकी खूश कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी मी तुला हे सांगायला हवं होतं. मी काय विचारलं, तर पेन्शनचं सुपर किती जमा करतात.

मग आपण दोघीही शहराच्या वेस्टला आलो. मी आणि प्रशांतने घर बांधलं, तू दोन गल्ल्या सोडून छोटं टाउनहाउस घेतलंस. इराच्या बाळंतपणाला माझ्या आईचा व्हिसा आला नाही, तेव्हा सकाळची शिफ्ट संपवून तू युनिफॉर्मवरच यायचीस. डिंकाचे लाडू केले होतेस, ते फोडायला बत्ता लागला असता. पण रोज यायचीस. बाळाला मांडीवर घेऊन बसायचीस आणि मला म्हणायचीस, जा, अंग टाक. बेचाळीस दिवस. माझ्या सख्ख्या बहिणीनेही केलं नसतं, असं लोक म्हणतात तसं म्हणत नाही मी. माझ्या बहिणीने व्हिडिओ कॉलवर खरंच काही केलं नाही.

आणि त्याच बाईसाठी मला एका खोलीत तोंड उघडता आलं नाही. येते मी त्याच्यावर.

आधी ती वाट. आपल्या हाउसिंग इस्टेटची शेवटची गल्ली संपते तिथपासून मोठ्या रस्त्यावरच्या बसस्टॉपपर्यंत जेमतेम दोनशे पावलं. त्या दोनशे पावलांत फुटपाथ नव्हता. हिवाळ्यात चिखल, उन्हाळ्यात गुडघाभर काटेरी गवत आणि काळे दगड. इथे मुलाकडे सहा सहा महिने राहायला आलेले आईवडील, प्रॅम ढकलणाऱ्या बायका, दुसरं शहर सोडून नोकरीसाठी नुकती इकडे आलेली पोरंपोरी, ज्यांच्याकडे गाडी नाही ते सगळे त्यातून चालायचे. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना ती जागा माहीतही नव्हती. मलाही नव्हती. तू रोज उंच सीटवरून ती बघायचीस.

शिंदेकाकू तिथे पडल्या तेव्हा तू बस घेऊन स्टॉपवर येतच होतीस. कोल्हापूरहून मुलाकडे आलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या, नऊवारीत. तू बस थांबवलीस, हॅझर्ड लाइट लावलेस आणि खाली उतरून त्यांना उचललंस. मनगट मोडलं होतं. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत तू चिखलात बसून राहिलीस आणि बसमधल्या एकानेही कुरकुर केली नाही. उशीर झाला म्हणून डेपोत तुला जाब द्यावा लागला, त्याचं तुला काही वाटलं नाही. तुला राग आला तो नंतर. काउन्सिलला तू पत्र लिहिलंस, उत्तर आलं की तो तुकडा डेव्हलपरचा. डेव्हलपरला लिहिलंस, उत्तर आलं की तो काउन्सिलचा. तिसरं पत्र तू आपल्या वॉर्डच्या नगरसेवकाला लिहिलंस. त्याचं उत्तरच आलं नाही.

गॅरेथ तेव्हा तुझ्या आयुष्यात आला, म्हणजे होताच डेपोत, तुझ्यासारखाच ड्रायव्हर, पण त्या दिवशी लंचरूममध्ये त्याने तुला त्याच्या आजोबांची गोष्ट सांगितली. गॅरेथ लहानपणी आईवडिलांबरोबर वेल्सहून इथे आलेला. त्याचे आजोबा तिकडे कोळशाच्या खाणीत होते. पहिलं महायुद्ध संपून दुसरं सुरू व्हायच्या मधली वर्षं. गावातल्या पोरांना शाळेत जायला नदीकाठची एक वाट होती, पाऊस वाढला की ती पाण्याखाली जायची. आजोबा काउंटी काउन्सिलच्या निवडणुकीला उभे राहिले, खाणीच्या मॅनेजरच्या विरोधात. विरोध कोणी केला, तर मॅनेजरने नाही. त्यांच्याच चॅपेलमधल्या, रविवारी एकत्र प्रार्थना करणाऱ्या लोकांनी, त्यांच्याच गल्लीतल्या. नखात कोळसा असलेला माणूस साहेबांच्या टेबलाला बसणार, आपली काय अब्रू राहील, असं म्हणाले. आजोबा पडले. पुढच्या वेळी परत उभे राहिले, परत पडले. तिसऱ्यांदा निवडून आले आणि वाट उंच करून घेतली.

तू ती गोष्ट मला फोनवर सांगितलीस तेव्हा तुझा आवाज वेगळाच होता. मी म्हणाले, छान आहे गं, पण ते वेल्स, ते खाणकामगार, आपला काय संबंध? तू म्हणालीस, "नीलू, चॅपेलच्या जागी मंडळ घाल."

मी हसले. मला वाटलं तू विनोद केलास.

तू उभी राहणार हे तू मंडळात सांगितलंस, लपवून काही केलं नाहीस. सिटिझन होतीसच. उमेदवारांचं ट्रेनिंग पूर्ण केलंस, फॉर्म भरलास. आणि मग सुहासदादांनी घरी चहाला बोलावलं. सुहासदादा म्हणजे आपले मंडळाचे अध्यक्ष, बँकेत सॉफ्टवेअर आर्किटेक्ट, इथल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात एअरपोर्टवरून आणणारे, हे मी विसरत नाही. मलाही त्यांनीच आणलं होतं. रविवारी दुपारी आम्ही सात-आठ जण होतो. प्रशांत मंडळाचा सेक्रेटरी, म्हणून तो लॅपटॉप घेऊन. मी तुझ्याबरोबर. आणि सोफ्यावर धनंजय, प्रोजेक्ट मॅनेजर, चांगला मुलगा, फोनमध्ये बघत. तो का आलाय हे आपल्याला कळायला दोन साबुदाणा वडे लागले.

सुहासदादांनी तुझं आधी कौतुक केलं. मग म्हणाले, की मंडळाला वाटतं धनंजयने उभं राहावं आणि तू त्याच्या पाठीशी राहावंस. तू विचारलंस, का. ते जरा घुटमळले आणि मग स्वच्छच बोलले.

"मंजिरी, राग मानू नकोस. लोक विचारतील, तुमच्यातून कोण? बस चालवणाऱ्या बाईला मत कोण देणार? आपल्या लोकांची इथे एक इमेज आहे."

तू धनंजयकडे वळलीस आणि विचारलंस, ती वाट कुठे आहे ते तुला माहीत आहे का. तो म्हणाला, तो गाडीने जातो, पण इश्यू समजून घेईल. तू म्हणालीस, फॉर्म मी भरलाय, मागे घेणार नाही. आणि मग तू माझ्याकडे बघितलंस. फक्त एकदा. मी काही तरी बोलेन म्हणून.

मी उठले आणि रिकाम्या ताटल्या गोळा करून किचनमध्ये गेले.

नळ सोडून मी त्या धुतल्यासुद्धा. पाण्याच्या आवाजात बाहेरचं ऐकू येऊ नये म्हणून. प्रशांतने बैठकीच्या मिनिट्समध्ये लिहिलं, 'निवडणुकीबाबत सविस्तर चर्चा झाली.' परत येताना गाडीत मी काय बोलावं ते जुळवत होते, तेवढ्यात तूच म्हणालीस, वडे छान झाले होते ना. मी हो म्हणाले. अठरा वर्षांच्या मैत्रीत मी तुला दिलेलं सगळ्यात भिकार उत्तर ते होतं.

त्यानंतरचे सहा आठवडे मी तुझ्यासाठी राबले, ते तुला माहीत आहे. का राबले तेही तुला माहीत असणार. सकाळी तू शिफ्ट करायचीस आणि दुपारी आपण लीफलेट टाकायला बाहेर. 'नो जंक मेल' लिहिलेल्या पेट्या सोडायच्या, कुत्री बांधलेली आहेत का बघायचं. स्प्रिंगमधले ते मॅगपाय पक्षी डोक्यावर झेपा घ्यायचे आणि तू सायकल हेल्मेट घालून घरोघर फिरलीस. इराने तुझी घोषणा वाचून सांगितलं, मावशी, इट्स टू लाँग, नोबडी विल रीड इट. तू तिच्याकडून नवी लिहून घेतलीस. पीआरवर असलेल्यांना, म्हणजे सिटिझन नसलेल्यांना, वाटायचं की आपल्याला मत नाही. तू त्यांच्या किचनमध्ये बसून सांगायचीस, घर तुझ्या नावावर आहे ना, रेट्स, म्हणजे घरपट्टी, भरतोस ना, मग अर्ज कर, काउन्सिलच्या यादीत नाव येतं. किती तरी जणांना हे पहिल्यांदा कळलं. त्यांचे फॉर्म तू स्वतः टेबलावर बसून भरून घेतलेस.

आणि त्या याद्यांचं काय झालं? पोस्टाने मतपत्रिका घरोघर गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला. 'समाजाची मतं फुटू देऊ नका. आपला अधिकृत उमेदवार धनंजय.' खाली कार्डचा फोटो. इथे सगळ्या चौकटींत क्रमांक घालावे लागतात, पहिली पसंती, दुसरी, तिसरी. कार्डावर एक धनंजय. दोन, विद्यमान नगरसेवक. तू सर्वांत शेवटी. तू त्यांच्या किचनमध्ये बसून ज्यांना मतदार केलंस, त्यांनी ते कार्ड समोर ठेवून तुझ्या नावापुढे पाच लिहिलं.

पहिल्या पसंतीच्या मतांत तू दुसरी होतीस, मंजिरी. बस चालवणारी बाई प्रोजेक्ट मॅनेजरच्या कितीतरी पुढे होती. हे शोकसभेच्या छापील कागदावर नाही. मग धनंजय बाद झाला आणि त्याची मतं कार्डावरच्या दुसऱ्या पसंतीप्रमाणे नगरसेवकाकडे गेली. थोडक्या मतांनी पडलीस. ज्याने तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, त्याला आपल्याच लोकांनी निवडून दिलं.

दुसऱ्या दिवशी तू सकाळच्या शिफ्टला गेलीस. सिक लीव्ह घे म्हणाले तर म्हणालीस, आजारी कुठे आहे मी.

प्रशांतने मला खरं काय ते निकालाच्या आठवड्यात सांगितलं. त्या चहाच्या आधीच सुहासदादा नगरसेवकाला भेटले होते. दुसरी पसंती तेव्हाच ठरली होती. बदल्यात मंडळाच्या गणपतीला काउन्सिलचं मोठं मैदान मिळणार होतं. धनंजयला निवडून यायचंच नव्हतं, त्याला फक्त उभं राहायचं होतं. प्रशांतला हे माहीत होतं आणि त्याने मला सांगितलं नाही. मी त्याच्याशी चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी मला ताटल्या आठवल्या आणि मी बोलायला लागले.

मी धावत तुझ्याकडे आले. सगळं सांगितलं. म्हणाले, तक्रार करायची, मंडळाच्या नियमांत राजकारणात पडायचं नाही असं लिहिलंय, मेसेज आहेत, कार्ड आहे, मी लिहिते. तू कणीक मळत होतीस. म्हणालीस, मला अंदाज होता. मी म्हणाले, अंदाज होता आणि तू काहीच करणार नाहीस? तू म्हणालीस, नाही.

"उद्या त्यांच्याच आया माझ्या बसमध्ये चढणार आहेत नीलू. त्यांच्याकडे मी कुठल्या तोंडाने बघू?"

मी म्हणाले, तोंड त्यांनी लपवायचं, तू नाही. तू म्हणालीस, तुला भांडायचंय कारण तुला स्वतःवरचा राग काढायचाय. नाही, हे तू म्हणाली नाहीस. तू म्हणालीस, कणीक सैल झाली. पण मला तेच ऐकू आलं, आणि मी दार आपटून निघाले. तीन आठवडे आपण बोललो नाही. तीन आठवडे, मंजिरी. तेव्हा तुझ्याकडे किती उरले होते ते कोणाला माहीत होतं?

हे मला अजूनही पटलेलं नाही. चांगुलपणा म्हणून तू सगळं पोटात घातलंस आणि त्यांनी ते फुकटात पचवलं. तू ओरडली असतीस तर कदाचित एखाद्याला झोप आली नसती. तुझ्या गप्प राहण्यामुळे त्यांना आज 'हसतमुख' लिहिता येतं. तुझा मोठेपणा त्यांच्या कामी आला, तुझ्या नाही. दे उत्तर.

पोटात दुखतंय म्हणून तू टेस्ट केल्यास त्या निकालानंतर पाच महिन्यांनी. स्वादुपिंडाचा कॅन्सर. डॉक्टर हळू बोलत होती आणि तू तिलाच धीर देत होतीस. तू हॉस्पिटलमध्ये असतानाच ती वाट झाली. खडी, काँक्रीट, कडेला तीन झाडं. नगरसेवकाने रिबन कापली, शेजारी सुहासदादा, ग्रुपवर फोटो, 'मंडळाच्या पाठपुराव्याला यश'. मी फोन भिंतीवर फेकणार होते. तू फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितलास. माणसं नाही, काँक्रीट. म्हणालीस, उतार बरोबर दिलाय, व्हीलचेअर जाईल. आणि एवढं समाधान होतं तुझ्या चेहऱ्यावर, की मला तुझाही राग आला.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी आपण दोघीच होतो. मी ठरवून आले होते. म्हणाले, मंजू, त्या दिवशी सुहासदादांकडे मी... तू म्हणालीस, तो पडदा सरकव जरा. मी सरकवला. खाली हॉस्पिटलच्या वळणावर एक बस येत होती. तू मान उंच करून बघितलीस आणि म्हणालीस, लवकर वळवली त्याने, मागचं चाक चढणार. चढलंच. तू हसलीस, मीही हसले, आणि नर्स आत आली. तू मला बोलू दिलं नाहीस की मला वाचवलंस, हे मी रोज स्वतःला विचारते. माफ केलं होतंस का, हे विचारायचं राहिलं. विचारलं असतं तर तू वडेच छान होते म्हणाली असतीस.

काल तुझी शोकसभा झाली. आता ते सांगते, कारण तुला कोणी सांगणार नाही.

कम्युनिटी सेंटरचा हॉल भरला होता. मी तुझा युनिफॉर्ममधला फोटो पाठवला होता, स्टिअरिंगवर हात ठेवलेला, गॅरेथने काढलेला. समोर लावला होता तो संक्रांतीचा, काळ्या पैठणीतला. विचारलं तर कोणीतरी म्हणालं, हा जास्त शोभतो. मागच्या भिंतीला टेकून डेपोतले तुझे लोक उभे होते, आठ-दहा जण, शिफ्टवरून थेट आलेले, युनिफॉर्ममध्ये. त्यांना कोणी खुर्च्या दिल्या नव्हत्या. पहिल्या रांगेत नगरसेवक. तो इंग्रजीत बोलला, म्हणाला की तू अतिशय आदरणीय प्रतिस्पर्धी होतीस आणि त्या वाटेवर तुझ्या नावाचं बाक बसवायचं त्याच्या मनात आहे. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या. मग सुहासदादा मराठीत बोलले. म्हणाले, मंजिरी आपल्या सगळ्यांची होती, मंडळ नेहमीच तिच्या पाठीशी होतं. आणि डोळे पुसले. मला वाटतं खरंच रडत होते. त्याने मला जास्तच संताप आला.

कोणाला दोन शब्द बोलायचे असतील तर, असं ते म्हणाले. मी उठले.

मी मराठीत बोलले. चहापासून सुरुवात केली. कोण कोण होतं, कोण काय म्हणालं, ते जसंच्या तसं. बस चालवणाऱ्या बाईला मत कोण देणार, हे वाक्य मी माइकवर म्हटलं आणि सांगितलं कोणाचं आहे. कार्डावर तुझा क्रमांक कितवा होता ते सांगितलं. मैदान कशाच्या बदल्यात मिळालं ते सांगितलं. आणि हेही सांगितलं, की तेव्हा तिची सगळ्यात जवळची मैत्रीण त्या खोलीत होती आणि ती ताटल्या उचलून आत निघून गेली.

सुहासदादा उभे राहिले. म्हणाले, नीलम, ही वेळ नाही.

मी म्हणाले, "दादा, मलाही त्या दिवशी तसंच वाटलं होतं."

पुढच्या रांगेतून शिंदेकाकू उठल्या, डाव्या हाताने खुर्ची धरून. सुनेने पदर ओढला तरी बसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मला कार्ड दिलं व्हतं पोराने. मी त्यावरून बघून सांगितलं, तसं त्याने त्याच्या मताच्या कागदावर लिहिलं. मला कुणी सांगितलंच नाही की ही तीच पोरगी." एवढं बोलून त्या रडायला लागल्या आणि त्यांचा मुलगा जमिनीकडे बघत राहिला.

नगरसेवकाला एक अक्षर कळलं नव्हतं, पण सगळे त्याच्याकडे बघतायत हे कळलं होतं. त्याने शेजारी बसलेल्या प्रशांतच्या दंडाला हात लावला आणि हसत विचारलं, काय म्हणाली ती?

मंजिरी, मला वाटलं हा नेहमीसारखं करेल. 'भावना व्यक्त केल्या' म्हणेल. सात वर्षं मिनिट्स लिहिलीत त्याने, कुठल्याही गोष्टीचं काहीही न होऊ देण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. माझा नवरा उभा राहिला. त्याने नगरसेवकाकडे पाठ केली, मागच्या भिंतीला उभ्या असलेल्या तुझ्या ड्रायव्हर लोकांकडे तोंड केलं, आणि मी बोललेलं सगळं इंग्रजीत सांगितलं. पहिल्यापासून. एक वाक्य गाळलं नाही. सुहासदादांचं वाक्य आलं तेव्हा तो थांबला, पाणी प्यायला आणि ते पूर्ण म्हणाला. मैदानाचं आलं तेव्हा नगरसेवक उठून बाहेर गेला. प्रशांत थांबला नाही. आणि शेवटी त्याने एक गोष्ट घातली जी मी बोलले नव्हते. म्हणाला, आय न्यू. आय वॉज टेकिंग द मिनिट्स.

गॅरेथने टोपी काढली. मग बाकीच्यांनीही काढली. ते रांगेने पुढे आले, तुझ्या पैठणीतल्या फोटोसमोर एकेक जण थांबला, आणि उतरताना बसमध्ये म्हणतात तसं प्रत्येक जण थँक यू म्हणाला.

आज सकाळी ग्रुपवर सुहासदादांनी राजीनामा दिल्याचा मेसेज नाही. तसलं काही झालेलं नाही, होईलसं वाटत नाही. धनंजयचा फोन आला होता, मी उचलला नाही, उद्या उचलेन. हे लिहिता लिहिताच मला ग्रुपमधून काढून टाकलं. प्रशांतला नाही काढलं, तो आपणहून बाहेर पडला. तक्रार मी लिहायला घेतली आहे. तू नको म्हणाली होतीस, माहीत आहे. तुझ्या जिवंतपणी मी तुझं एवढं ऐकलं की त्यात तुझं नुकसान झालं. आता हे ऐकणार नाही.

तुझी,
नीलू